खांदे हलण्याचा तक्ता

१ मार्च, शनिवार

आजपासून या वहीत नोंदी ठेवायच्या, असे ठरवले आहे. कारण सरळ आहे. घरात बोलणारा माणूस आता एकच उरला असून तो मी आहे. आणि ऐकणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला सक्त मनाई आहे.

ऐकणारी म्हणजे ही. माझी बायको. हिच्या स्वरतंतूवर मोहरीएवढी गाठ आली होती, ती काल काढली. आज घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले. "चौदा दिवस तोंडातून आवाज नको. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. आणि खळखळून हसायचं तर मुळीच नाही. पंधरा तारखेला बघू."

कुजबुजल्याने नेमके काय बिघडते, असे मी विचारले. कुजबुजताना घशावर ताण जास्त येतो, असे त्या म्हणाल्या. मी आकृती काढून मागितली. त्यांनी ती काढून दिली, पण पेन जरा जोरात टेकवून.

"आवाज येईल ना परत?" हाही प्रश्न मीच विचारला.

"दहातल्या नऊ जणांचा येतो."

दहाव्याचे काय होते, ते मी विचारले नाही. चौकशीच्या बाबतीत मी सहसा असा कच्चा राहत नाही.

ही गेली सव्वीस वर्षे बसस्थानकाच्या ध्वनिक्षेपकापुढे बसते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, हे साऱ्या स्थानकाला हिच्या आवाजात कळते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत आवाज परतला नाही, तर हिची बदली सामानघरात होणार आहे. शस्त्रक्रियेच्या आधी ही एवढेच म्हणाली होती, "तिथे बॅगांशी काय बोलायचं हो?"

मी घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'झाकण नीट बसल्याची खात्री करा' हे वाक्य आज लाखो स्वयंपाकघरांत आहे आणि ते माझे आहे. पंधरा दिवसांची रजा काढली आहे. या कामाकडे मी एक पुस्तिका म्हणूनच पाहणार आहे: पायरीपायरीने, घाई न करता.

३ मार्च, सोमवार

मेहुणी येऊन गेली. हिच्यासाठी पाटी-खडू आणि स्वतःचा जुना छोटा कॅमेरा घेऊन आली. दारातूनच सुरू झाली.

"ताई, मजा आहे बाई! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भावोजींना वाक्य पूर्ण करायला मिळणार!"

हिने तोंडावर पदर दाबला आणि हिचे खांदे हलू लागले. मी ताबडतोब दोघींच्या मध्ये उभा राहिलो. मेहुणी हा या घरातील हास्याचा मुख्य स्रोत आहे. पंधरा तारखेपर्यंत येऊ नये, अशी मी तिला नम्र विनंती केली.

"भावोजी, घरातून हाकलताय मला?"

"घरातून नाही. चौदा दिवसांतून."

यावर ती स्वतः इतकी हसली की मला दार लावून घ्यावे लागले. एक धोका टळला.

सपाट रस्त्यावर हळूहळू चालायला डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे. पाण्याच्या टाकीमागे तळे आहे. त्याला फेरी घालणारी पायवाट दोन हजार चारशे पावलांची असून वाटेत नऊ बाक आहेत. मी बाकांना क्रमांक दिले. उद्यापासून सुलभ निसर्गभ्रमण. ही फोटो काढील. मी माहिती देईन. हसण्यासारखे त्यात काहीच नाही. म्हणूनच हा उपक्रम निवडला.

४ मार्च, मंगळवार

पहिली फेरी यशस्वी. हिला बोलता येत नसल्यामुळे प्रत्येक विषय शेवटास नेता आला. बगळा एका पायावर का उभा राहतो, हे मी बाक क्रमांक दोन ते बाक क्रमांक चार या टप्प्यात सांगितले. स्पष्ट व्हावे म्हणून एका पायावर उभे राहूनही दाखवले. छत्रीचा आधार घेतला होता, तरी बाकाशेजारच्या झुडपात गेलो. विशेष लागले नाही.

हिला मात्र त्या वेळी काहीतरी झाले. ही वळून उभी राहिली, रुमालात चेहरा लपवला आणि खांदे पुन्हा हलले. आवाज अजिबात नव्हता. डोळ्यांत पाणी होते. थंडी वाजते का, असे विचारले. मान हलवून नाही म्हणाली. मी पडलो म्हणून काळजीने झाले असावे.

घरी आल्यावर हिने पाटीवर एक गोष्ट लिहिली. ती इथे उतरवून ठेवतो:

'एक बगळा माशांना पोहण्याचे नियम समजावून सांगत होता. मासे इतके लक्ष देऊन ऐकत होते, की त्यांच्यातला एकही बुडाला नाही.'

हिला निसर्गलेखनाची आवड निर्माण होते आहे, ही आनंदाची गोष्ट. मासे मुळात बुडत नाहीत, हे मी प्रेमाने लक्षात आणून दिले. खांदे.

६ मार्च, गुरुवार

खांदे हलण्याचा प्रकार गंभीरपणे घ्यावा लागेल. काल पाच वेळा, आज सात वेळा. मी तक्ता आखला आहे. रकाने असे: क्रमांक, स्थळ, कालावधी, आवाज, कारण. आवाजाच्या रकान्यात सर्वत्र 'नाही' आहे, हे सुदैव. कारणाच्या रकान्यात सर्वत्र 'अज्ञात' आहे.

तक्ता हिला दाखवला. रकाने समजावून सांगत असतानाच प्रसंग क्रमांक पंधरा घडला.

आजची गोष्ट: 'गोगलगाईला वाटेत बगळा भेटला. त्याने तिला घरी जायचा जवळचा रस्ता सांगितला. सांगून होईपर्यंत ती पोहोचली होती.'

गोगलगाईचे घर तिच्या पाठीवरच असते. त्यामुळे 'पोहोचली' हा शब्दप्रयोग शास्त्राला धरून नाही, असा शेरा मी खाली लिहिला. शेऱ्याखाली हिने एक लहानसा चष्मा काढला. बगळ्यांना चष्मा लागत नाही. तरीही मी काही बोललो नाही. शिकणाऱ्याला सारख्या चुका दाखवू नयेत.

७ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून फोटोंच्या प्रती आणल्या. हिची दृष्टी चांगली आहे, पण चौकट साधत नाही. तळ्याच्या फोटोत उजवीकडून माझे कोपर. कमळाच्या फोटोत माझे बोट. चतुराच्या फोटोत चतुर नाहीच. माझी टोपी आहे, आणि टोपीवर चतुर बसलेला असावा असा एक ठिपका आहे.

फोटोवाला म्हणाला, "काका, चोवीस फोटोंपैकी एकवीस फोटोंत तुम्ही आहात."

"हो, मी वाटेत येतो. उद्यापासून मागे राहीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काकू उत्तम फोटो काढतात, काका," असे म्हणून त्याने पाकीट दोन्ही हातांनी दिले. भला माणूस आहे. गिऱ्हाइकाचे मन मोडत नाही.

८ मार्च, शनिवार

आज जे घडले ते शांतपणे लिहायचे आहे.

बाक क्रमांक पाचजवळ ओल्या भिंतीवर गोगलगाय दिसली. मोठा आनंद झाला. गोगलगाईला चार शिंगे असतात. लांब दोन शिंगांच्या टोकांना डोळे असतात. धोका दिसताच ती डोळे आत ओढून घेते. हे तोंडी सांगून नीट पोहोचत नव्हते. म्हणून मी टोपी काढली, कपाळावर दोन बोटे उभी धरली आणि डोळे बाहेर, डोळे आत, असे करून दाखवले. समोरून फिरायला आलेले एक कुटुंब थांबले. त्यांनाही माहिती मिळावी म्हणून पुन्हा पहिल्यापासून केले.

गोगलगाईने तेवढ्यात एक शिंग मागे वळवले. मी म्हणालो, "आता बघ, ही मागे वळून का बघते आहे? त्याचं कारण फार सुंदर आहे. तर..."

ही बाकावर बसली. बसली म्हणण्यापेक्षा कोसळली. रुमाल दातांत धरला होता, चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि मग मला ऐकू आले. बारीक, तुटका, 'क्' असा आवाज.

मी कपाळावरची बोटे खाली घेतली. हिने घशाला हात लावला. ते कुटुंब निघून गेले.

घरी येऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "एवढ्या एका 'क्'ने काही होत नाही. पण जपा. बाकी शनिवारी बघितल्यावरच सांगता येईल."

'बघितल्यावरच'. हा शब्द मी पुस्तिकेत कधीही वापरत नाही. ज्याला पुढचे माहीत नसते तोच असे लिहितो.

तक्ता समोर घेऊन बसलो. आजवरचे प्रसंग बावीस. त्यांपैकी एकोणीस मी काहीतरी समजावून सांगत असताना घडले आहेत. इतके दिवस हे कसे सुटले? उलगडा झाला. हिच्या मनात प्रश्न दाटून येतात आणि बिचारीला ते विचारता येत नाहीत! त्या कोंडमाऱ्याने हिचा जीव कासावीस होतो. दोष माझा आहे. उद्यापासून मीही मौन पाळणार.

१० मार्च, सोमवार

मौनाचा दुसरा दिवस. प्रसंग: शून्य. उपाय लागू पडला आहे.

दोन दिवसांत आम्ही चार फेऱ्या केल्या. हिने काढलेले फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. तळे, नुसते तळे. बाक, नुसता बाक. कोपर नाही, बोट नाही. फोटोवाल्याने पाकीट एका हाताने दिले.

आजची गोष्ट: 'तळे होते. बगळा गप्प होता. मासे पोहायचे विसरले.'

हिने सूप अर्धे ठेवले.

११ मार्च, मंगळवार

सकाळी पाणी प्यायला उठलो तर ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी ताठ उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आवाज नाही. मी दाराशी थबकलो. हळूहळू ओठ वाचता आले. 'फलाट क्रमांक चार', 'सुटण्याच्या तयारीत', 'प्रवाशांनी कृपया'. सकाळच्या सगळ्या गाड्या ही एकामागून एक सोडत होती. शेवटची गाडी सुटल्यावर हिने अंगठ्याने ओट्याची कड दाबली, ध्वनिक्षेपकाचे बटण बंद करतात तशी.

मी पाणी न पिताच परत फिरलो.

खरे लिहायचे तर लिहितो. मी इतका बोलतो तो केवळ माहिती देण्यासाठी नव्हे. मी थांबलो की घरात जे ऐकू येते, ते मला ऐकवत नाही. सव्वीस वर्षे मी सांगत आलो आणि ही मध्येच तोडत आली: "अहो, मुद्द्याचं बोला." तेव्हा मी चिडत असे. आता कोणी तोडत नाही आणि माझे एकही वाक्य जागेवर बसत नाही.

दुपारी ही पाटी घेऊन समोर आली. पाटीवर एकच शब्द होता: 'बोला.'

मी खुणेने घसा दाखवला. हिने शब्दाखाली रेघ मारली. मी तक्ता पुढे केला. हिने दुसरी रेघ मारली, खडू मोडला.

"पण प्रश्न दाटून आले तर?" मी विचारले. दोन दिवसांनी बोललो, म्हणून माझाच आवाज घोगरा निघाला.

हिने आधी माझ्याकडे बघितले, मग छताकडे बघितले. खांदे. प्रसंग क्रमांक तेवीस. मी तो लिहून घेतला, आणि का कोण जाणे, लिहिताना मला बरे वाटले.

१२ मार्च, बुधवार

तडजोड अशी: बोलायचे, पण प्रश्न उद्भवणारच नाहीत अशा अत्यंत नीरस विषयांवर. आज मी बाकांची रचना निवडली. बाक क्रमांक एकला सहा बोल्ट आहेत. बाक क्रमांक दोनलाही सहा. बाक क्रमांक तीनपाशी येताच मी आवाज खाली आणून म्हणालो, "इथे मात्र पाच आहेत."

प्रसंग क्रमांक चोवीस ते एकतीस. मधला खंड इतका कमी होता की ते वेगळे मोजावेत की एकच, याबद्दल शंका आहे. हिला आधार देऊन बाकावर बसवले. बसताच बाक करकरला. "बघ, पाचच बोल्ट," मी म्हणालो. बत्तीस.

फोटो अकरा. अकराही फोटोंत मी. आता मी चौकटीबद्दल बोलणे सोडून दिले आहे.

हिने सूप संपवले आणि ब्रेडचा माझाही तुकडा खाल्ला.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या तपासणी.

मेहुणीने फोन केला. "भावोजी, ताई कशी आहे?"

"मनोधैर्य उत्तम. खांद्यांचा त्रास सोडला तर."

"कसला त्रास?"

मी तक्ता वाचून दाखवला. सगळे चाळीस प्रसंग, स्थळ-काळासह. पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. फोन तुटला असे वाटले.

"भावोजी," ती शेवटी म्हणाली. आवाज विचित्र येत होता. "तुम्ही मला चौदा दिवसांतून हाकललंत ना? आणि स्वतः घरातच राहिलात!"

याचा अर्थ विचारीपर्यंत तिने फोन ठेवला.

मी एक नवी कोरी वही आणली आहे. आवाज परतल्यावर हिचे साठलेले प्रश्न त्यात क्रमाने लिहून घ्यावेत आणि प्रत्येकाचे उत्तर द्यावे, असा विचार आहे. शंभर पाने पुरतील.

पुरावीत. प्रश्न विचारता यावेत. एवढेच.

१५ मार्च, शनिवार

दवाखान्यात वेळेच्या चाळीस मिनिटे आधी पोहोचलो. हिने निळी साडी नेसली होती. कामावर जाताना नेसते ती. पाटी मांडीवर होती.

डॉक्टरीणबाईंना मी प्रथम तक्ता दिला. तपासणीच्या आधी लक्षणे कळणे आवश्यक असते. त्या पहिले पान गंभीरपणे वाचत होत्या. "स्थळ: बाक क्रमांक पाच. रुग्णाचे पती गोगलगाईचे डोळे दाखवीत असताना," असे त्यांनी मोठ्याने वाचले आणि थांबल्या. दुसरे पान उलटले. मग कागद चेहऱ्यापुढे धरला. कागद हलू लागला. पाहतो तो डॉक्टरीणबाईंचेही खांदे हलत होते! ही साथ असावी की काय, असा विचार माझ्या मनात चमकून गेला.

त्यांनी डोळे टिपले. "एकदाही आवाज काढला नाहीत?" त्यांनी हिला विचारले.

हिने एक बोट वर केले. एकदाच.

"या माणसाबरोबर चौदा दिवस! आणि एकदाच! बाई, तुम्हाला पदक द्यायला हवं."

कोणते पदक, ते मला समजले नाही. विचारायला अवधी मिळाला नाही, कारण त्यांनी दिव्याची बारीक नळी हातात घेतली आणि समोरच्या पडद्यावर हिच्या घशाचा आतला भाग दिसू लागला. तपासणी सहा मिनिटे चालली. मी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजली. काही उपयोग झाला नाही. मोजणीत दोनदा चुकलो.

"छान भरलंय," त्या म्हणाल्या. "आता एक वाक्य बोला. एकच. हळू, पण नेहमीच्या आवाजात. कुजबुजू नका."

ही ताठ बसली. अंगठ्याने खुर्चीचा हात दाबला. मी कोरी वही उघडली, पेन काढले, क्रमांक एक घातला. दहावा माणूस माझ्या मागे येऊन उभा आहे, असे वाटत होते.

"अहो," ही म्हणाली.

गंजलेले दार उघडावे तसा तो शब्द आला. हिने आवंढा गिळला आणि माझ्याकडे वळली.

"ती गोगलगाय मागे वळून का बघत होती, ते सांगायचं राहिलं तुमचं."

'अहो' खरखरीत होते. 'गोगलगाय' थोडे फाटलेले. पण 'राहिलं तुमचं' स्वच्छ होते. थेट फलाट क्रमांक चारवरचे.

उत्तर माझ्याजवळ आठ दिवसांपासून तयार होते. दोन वाक्यांचे आहे. काही गोगलगायी आपण केलेल्या ओल्या वाटेवरूनच परत फिरतात, कारण नवी वाट करण्यापेक्षा त्यांना ते सोपे जाते. ती आपली वाट शोधत होती. एवढेच सांगायचे होते. मी तोंड उघडले. काही आले नाही. पुन्हा प्रयत्न केला. सव्वीस वर्षांत माझ्यावर असा प्रसंग आलेला नाही. नाकाच्या शेंड्यावरून काहीतरी कोऱ्या वहीवर पडले आणि क्रमांक एक पसरला.

हिने काही क्षण वाट पाहिली. मग मांडीवरची पाटी उचलली, माझ्या गुडघ्यांवर ठेवली आणि खडू माझ्या हातात दिला.

मी 'पायरी एक' असे लिहिले. पुढे काही सुचेना. म्हणून मी पाटी खाली ठेवली आणि कपाळावर दोन बोटे उभी धरली.

"हळू! हळू!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "अजून आठ दिवस मोठ्याने नाही!" पण त्या स्वतःच टेबलाला धरून उभ्या होत्या.

तक्त्यात शेवटची ओळ भरून ठेवतो.

प्रसंग क्रमांक एक्केचाळीस. स्थळ: दवाखाना. कालावधी: चार सेकंद. आवाज: होता. कारण: मी.